मदत हवी आहे: बीएस-एमडी, रटगर्स की बॉस्टन? १ मेच्या आत ठरवायचंय

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर वाचनमात्र असते, पण आता डोकं चालेनासं झालंय म्हणून लिहितेय.

आम्ही न्यू जर्सीत. लेक बारावीत, जन्म इथलाच, म्हणजे व्हिसाची भानगड नाही. डॉक्टर व्हायचं म्हणते. सगळीकडची उत्तरं आली आहेत आणि १ मेपर्यंत एका ठिकाणी होकार कळवून डिपॉझिट भरायचंय.

रटगर्सच्या, म्हणजे इथल्या सरकारी विद्यापीठाच्या, ऑनर्स कॉलेजात मिळालंय. घरापासून पाऊण तास. स्कॉलरशिप वजा जाता राहण्याखाण्यासकट वर्षाला २६ हजार डॉलर पडतील. बॉस्टनकडच्या एका नावाजलेल्या खाजगी विद्यापीठातही मिळालंय, पण तिथे दमडीची मदत नाही, वर्षाला ९२ हजार. आणि शेजारच्या राज्यात एका छोट्या कॉलेजचा सात वर्षांचा बीएस-एमडी आहे (इथली एमडी म्हणजे आपल्याकडच्या एमबीबीएससारखी डॉक्टरकीची पहिली पदवी). ३ वर्षं कॉलेज, मग त्यांच्याशी जोडलेल्या मेडिकल स्कूलमध्ये ४. कॉलेजचे वर्षाला ४५ हजार. मेडिकल स्कूल मात्र खाजगी, राहण्यासकट लाखाच्या घरात. जीपीए (४ पैकी गुणांची सरासरी) ३.५ च्या खाली घसरला की जागा गेली.

घरात रोज महाभारत. नवरा बॉस्टनवर अडून बसलाय, म्हणे नावाची किंमत जन्मभर मिळते. (स्वतः सीओईपीचा आहे, अजून तेच सांगतो.) मी म्हणते, हातात आलेली मेडिकलची जागा कोण सोडतं? सासरे सांगलीहून रोज सकाळी मेसेज टाकतात, "इकडे पाठवा, मिरजेला एमबीबीएस करेल, साडेपाच वर्षांत मोकळी." आणि जिच्यासाठी हे चाललंय ती म्हणते, "आई, मला न्यूरोसायन्स आवडतं. डॉक्टर व्हावंसं वाटतं, पण मी अजून ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं तोंडसुद्धा पाहिलं नाहीये."

मुलीच्या शिक्षणासाठीच्या ५२९ बचत खात्यात १ लाख ४० हजार डॉलर आहेत. धाकटा आठवीत आहे, त्याचं वेगळं. जे यातून गेलेत त्यांनी कृपया स्पष्ट सांगा. मेडिकलला जाताना कॉलेजचं नाव बघतात का? आणि बीएस-एमडीवाल्यांना काय काय विचारून घ्यायचं?

प्रतिसाद १

माझा मुलगा आता रेसिडेन्सीत (एमडीनंतरचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण) आहे, म्हणून लिहितो. प्री-मेड, म्हणजे मेडिकलची पूर्वतयारी, हा मेजर (पदवीचा मुख्य विषय) नसतो, हे आधी घरात सगळ्यांना सांगा. बायॉलॉजी, जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री एवढं लॅबसकट झालं की मेजर इतिहासाचं असलं तरी चालतं. पुढे बघतात ते मुख्यतः जीपीए आणि एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा. एमकॅट ४७२ ते ५२८ मध्ये असते आणि प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी ५११-५१२ च्या आसपास. नावाचा उपयोग होतो, पण ३.४ जीपीए झाकण्याइतका नाही.

बॉस्टनवाले "आमची ८५ टक्के मुलं मेडिकलला लागतात" असं काही सांगत असतील तर एकच विचारा, कशाच्या ८५ टक्के? पुष्कळ कॉलेजांत एक प्री-हेल्थ कमिटी असते, ती शिफारसपत्र देते. काही ठिकाणी कमकुवत मुलांना ते पत्रच मिळत नाही, मग ती अर्ज करत नाहीत आणि टक्केवारी छान दिसते. पहिल्या वर्षी प्री-मेड म्हणून किती मुलं आली आणि त्यातल्या किती जणांनी शेवटी अर्ज केला, हा आकडा मागा. आम्ही मागितला होता. पलीकडून नुसतं हसू ऐकू आलं.

शाळेत केलेल्या एपीचे (कॉलेजच्या पातळीचे विषय) क्रेडिट वापरून केमिस्ट्री-बायॉलॉजी टाळायची घाई नको. बऱ्याच मेडिकल स्कूलना ते विषय कॉलेजात केलेले लागतात.

प्रतिसाद २

ताई, भावना बाजूला ठेवा, आधी आठ वर्षांचा (चार कॉलेजची, चार एमडीची) हिशोब मांडा. बॉस्टनचे चार वर्षांचे ३ लाख ६८ हजार. तुमचं ५२९ दुसरं वर्ष संपायच्या आत रिकामं, आणि एमडी अजून सुरूसुद्धा नाही. रटगर्सचे १ लाख ४ हजार, म्हणजे ३६ हजार उरतात. बीएस-एमडीत तीन वर्षांत १ लाख ३५ हजार जातात आणि पुढे वर्षाला लाख उभे.

आता खरी गोम. पूर्वी ग्रॅड प्लस या सरकारी कर्जातून मेडिकलचा सगळा खर्च निघायचा. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ते बंद केलं. एमडीसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाखांपर्यंतच. म्हणजे त्या खाजगी स्कूलच्या ४ लाखांतले निम्मे बँकेकडून, आणि सही बहुधा तुमची. रटगर्सनंतर ती आपल्याच राज्याच्या सरकारी मेडिकलला लागली तर बोजा बराच हलका होईल. न्यूयॉर्कच्या एनवाययू मेडिकल स्कूलने २०१८ मध्ये ट्यूशन माफ केली, तिथल्याच आइनस्टाइन मेडिकल स्कूलने २०२४ मध्ये, हे सगळे सांगतील. तिथे लागायचं कसं ते कोणी सांगत नाही.

प्रतिसाद ३

सासऱ्यांसाठी. लेक अमेरिकन नागरिक आहे ना? मार्च २०२१ नंतर ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्यांचं कार्ड) झालेल्यांना नीट ही प्रवेश परीक्षा देऊनसुद्धा एनआरआय कोट्यातल्याच जागा, म्हणजे सरकारी फीचा विषय मिटला. शिवाय परत आल्यावर यूएसएमएलई ही इथली डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा आणि इथल्या मुलांशी रेसिडेन्सीची स्पर्धा. त्यांना प्रेमाने सांगा.

प्रतिसाद ४

मी उलटं सांगणार. इथे दर वर्षी साधारण ५२ हजार अर्जदार आणि २३ हजार जागा. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना त्या वर्षी कुठेच जागा नाही, आणि ही सगळी हुशार मुलं असतात. माझी भाची दोनदा अर्ज करून तिसऱ्यांदा लागली, मधली दोन वर्षं घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. त्यामुळे बीएस-एमडी सहज सोडू नका. पण लेखी विचारा. एमकॅट द्यावी लागते का, किमान गुण किती? दुसरीकडे अर्ज केला तर ही जागा राहते का? मधेच डॉक्टर व्हायचं नाही असं वाटलं तर तीन वर्षांत कुठली पदवी हातात येते? तुमची मुलगी ऑरगॅनिकबद्दल जे बोलली ते मला तरी शहाणपणाचं वाटलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद २ नवऱ्याला वाचायला दिला. दोन दिवस गप्प होता, काल म्हणाला, "बॉस्टन राहू दे." सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही.

बीएस-एमडीवाल्यांना लेकीने स्वतः ईमेल केली. उत्तर आलं. एमकॅट द्यावीच लागते, किमान गुणांची अट आहे आणि दुसरीकडे अर्ज केला की ही जागा सोडावी लागते. मी ज्याला हातातली जागा समजत होते त्याला इतक्या गाठी असतील असं वाटलं नव्हतं. तरी मन पूर्ण वळत नाहीये. शुक्रवारी ती रटगर्सला ऑरगॅनिकच्या तासाला मागे बसून येणार आहे, सोमवारी बीएस-एमडीच्या कॉलेजात. वेळ कमी पडतोय. दोन्हीकडे डिपॉझिट भरून ठेवलं तर चालतं का?

प्रतिसाद २

नाही. कळलं तर दोन्हीकडची जागा जाऊ शकते. त्यापेक्षा तारीख थोडी वाढवून मिळते का ते विचारा, आणि हा फोनही तिलाच करू द्या.