चाखे आणि आपली वीणा

चाखे हे थायलंडचं तंतुवाद्य म्हणजे तिथली वीणाच का, असा प्रश्न पडू शकतो. मला तसं वाटत नाही. चाखे जमिनीवर आडवं ठेवून, शेजारी बसून वाजवतात. अंग बहुतेकदा फणसाच्या लाकडाचं, वर सूर धरायला तारांखाली ११ उंच पडदे (आडव्या पट्ट्या), तारा ३, त्यातली एक पितळेची. तर्जनीला बांधलेली निमुळती नखी सतत पुढेमागे फिरते, म्हणून सूर लांबतो.

नातं शोधायचंच तर जवारीत शोधा! चपट्या घोडीवर (तारा टेकतात त्या आधारावर) तार घासून उठणारी ती गुणगुण तंबोरा ऐकलेल्या कानाला लगेच ओळखीची वाटते. पडद्यांवर मात्र आपले कोमल-शुद्ध सापडणार नाहीत; थाई सप्तकातले सातही टप्पे जवळजवळ सारखे असतात. पहिल्यांदा खटकेल, तरी पुन्हा ऐकाच. चाखे म्हणजे मगर, आणि म्यानमार-थायलंडमधल्या मोन लोकांचं असंच वाद्य तर खरोखर मगरीच्या आकारात कोरतात.