‘नॉक-ऑन इफेक्ट’ला मराठीत काय लिहावं?

कोपरीकर
ठाणे–पनवेल लोकलवरच्या एका इंग्रजी अहवालाचा अनुवाद करते आहे. आशय असा: रबाळ्याजवळ सिग्नल बिघडला, एक गाडी १२ मिनिटं थांबली आणि मागच्या गाड्यांवर, तुर्भ्याहून सुटणाऱ्या बसवर ‘नॉक-ऑन इफेक्ट’ झाला, म्हणजे एका बिघाडामुळे ओघाने पुढचंही बिघडत गेलं. मशीनने ‘नॉक-ऑन प्रभाव’ दिलंय. माझ्यासमोर ‘दुष्परिणाम’, ‘पडसाद’ आणि ‘आनुषंगिक परिणाम’ आहेत. तक्त्यात हाच शब्द रकान्याच्या मथळ्यातही येतो, तिथे दोन शब्दांपुरतीच जागा आहे.

पारसिक
‘प्रभाव’ आधी काढा, ती हिंदीची सावली आहे. मराठीत प्रभाव माणसाचा, विचारांचा पडतो. बिघाडाचा परिणाम होतो. ‘दुष्परिणाम’ म्हटलं की औषध आठवतं. ‘पडसाद’ लोकांच्या प्रतिक्रियेचे उमटतात, सभागृहात किंवा रस्त्यावर, रुळांवर नाही. ‘आनुषंगिक’ शासकीय मराठीत ‘जोडीने येणारं, दुय्यम’ या अर्थी रुळलाय, जसं आनुषंगिक खर्च. वाचणाऱ्याला वाटेल, बारीकसारीक बाब असेल. (आणि सुरुवातीला ‘आ’च, ‘अनुषंगिक’ नाही.)

मुळात इथे नामाचा हट्ट सोडावा. इंग्रजी नामात जे कोंबते, ते मराठी क्रियापदाने सांगते: ‘रबाळ्याजवळ सिग्नल बिघडल्याने एक गाडी १२ मिनिटे थांबली, त्यामुळे मागच्या गाड्याही रखडल्या आणि तुर्भ्याच्या बस चुकल्या.’ सगळा अर्थ ‘त्यामुळे’ आणि ‘ही’ या दोन छोट्या शब्दांत आला. फक्त ‘बस चुकल्या’ हे मुळात आहे का, ते बघून घ्या. मूळ मोघम असेल तर ‘बसचे वेळापत्रकही कोलमडले’ इथवरच थांबा. आपण पदरचं घालायचं नाही.

पेंधर फाटा
पारसिकशी सहमत, पण ‘नॉक-ऑन’ हा शब्द नेहमी वाईटच अर्थाने येतो असं नाही. समजा वाक्य आहे, मेट्रो आली आणि तळोज्यातली घरभाडी वाढली. घरमालकाला तो फायदा, भाडेकरूला भुर्दंड. तिथे ‘फटका’ किंवा ‘झळ’ लिहिलं की अनुवादकाने भाडेकरूची बाजू घेतली. ‘पाठोपाठ घरभाडीही चढली’ हे तटस्थ राहतं. ‘झळ बसली’ ठेवा फक्त मूळ लेखकाने नुकसान स्पष्ट म्हटलं असेल तर.

कोपरीकर
वाक्याचं पटलं. रकान्याचं काय? शेजारच्या रकान्यात सिग्नलमुळे थेट झालेला उशीर आहे.

पारसिक
मग जोडीच करा: ‘मूळ विलंब’ आणि ‘साखळी विलंब’. पहिल्या गाडीची १२ मिनिटं मूळ रकान्यात. मागच्या तीन गाड्यांची समजा ८, ५, ३ असतील, तर ती १६ साखळीत.

पेंधर फाटा
गाड्यांपुरता ‘साखळी’ चपखल, कारण एकामागे एक तुंबतात. बस त्या साखळीत नाहीत, त्या बाजूला फुटलेल्या फांद्या आहेत. एकाच रकान्यात दोन्ही असतील तर ‘पुढील विलंब’ बरा. आणि ठरवलेला शब्द पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तोच हवा. मध्येच ‘अप्रत्यक्ष विलंब’ आला, तर वाचणारा तिसरा प्रकार शोधत बसेल.

कोपरीकर
बस त्याच रकान्यात आहेत. ‘पुढील विलंब’ घेते, आणि पहिल्या तक्त्याखाली एक ओळ टाकते: ‘पुढील विलंब म्हणजे मूळ विलंबामुळे इतर गाड्या व बसना झालेला उशीर.’