एक्सरेत हाडांवर पांढरे ठिपके, ऑस्टिओपॉइकिलोसिस म्हणे. अजून काय तपासायचं?

मुरगळलेला_पाय:
पाय मुरगळला म्हणून घोट्याचा एक्सरे काढला, फ्रॅक्चर नाही निघालं पण हाडांत बारीक बारीक पांढरे ठिपके दिसले, कुणीतरी खडूचे शिंतोडे उडवल्यासारखे. मग हाताचे आणि कमरेचे पण काढायला लावले, तिथेही तेच. आधी डॉक्टर "कॅन्सर पसरला नाही ना ते बघू" म्हणाले आणि माझी दोन दिवस झोप उडाली, आता म्हणतात ऑस्टिओपॉइकिलोसिस आहे, निरुपद्रवी आहे, विसरून जा. असं कसं विसरणार? वय ३६. गुडघे अधूनमधून दुखतात ते यामुळेच का? आणि याच्यासोबत अजून काही येतं का?

ठिपकेवाली:
मला १२ वर्षांपूर्वी कळलं, ते पण असंच अपघाताने. तेव्हापासून काहीही झालेलं नाही. एक काम मात्र नक्की करा, रिपोर्ट आणि फिल्म जपून ठेवा आणि पुढे कुठेही एक्सरे, सीटी काढायची वेळ आली की आधीच सांगा, नाहीतर नवीन डॉक्टर परत त्याच कॅन्सरच्या वाटेने जातो, माझं दोनदा झालंय.

हाडवैरी:
कॅल्शियम जास्त झालं असेल, गोळ्या बंद करून बघा.

एक्सरेवाला:
@हाडवैरी, नाही हो, कॅल्शियमचा काही संबंध नाही, रक्तातलं कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांच्या आजारात वाढणारं एन्झाइम) वगैरे यात नॉर्मलच असतं. हे ठिपके म्हणजे हाडाच्या आतल्या जाळीदार भागात बनलेली घट्ट हाडाची छोटी बेटं, बहुतेक काही मिलिमीटरची. सांध्यांच्या आसपास, मनगट, पाऊल, कंबर इथे गर्दी, दोन्ही बाजूंना साधारण सारखी. कवटी, बरगड्या, मणक्यात क्वचित. पसरलेला कॅन्सर असं बघून घर निवडत नाही आणि तो उलट मणक्यात, बरगड्यांत जास्त सापडतो. शंका राहिलीच तर बोन स्कॅन करतात, यात तो बहुतेकदा नॉर्मल येतो, कॅन्सरच्या गाठी मात्र चमकतात. आणि हे काही नवीन खूळ नाही, अल्बर्स-शोनबर्ग या जर्मन एक्सरे-डॉक्टरने १९१५ सालीच वर्णन केलंय. साधारण ५०,००० माणसांत एकाला असतं म्हणतात, पण त्रासच नाही तर एक्सरे काढणार कोण, त्यामुळे खरा आकडा जास्तच असेल असं माझं मत.

गुडघ्यांचं म्हणाल तर काही जणांना सांधे दुखतात हे खरं, पण प्रत्येक दुखणं ठिपक्यांच्या माथी मारू नका, साधी झीज किंवा संधिवात राहून जाईल.

त्वचापुराण:
कुणी कातडीचं विचारलंच नाही! पाठीवर, पोटावर, मांड्यांवर पिवळसर किंवा कातडीच्याच रंगाचे न दुखणारे उंचवटे आहेत का बघा. हाडातले ठिपके आणि हे उंचवटे एकत्र आले की त्याला बुश्के-ओलेनडॉर्फ सिंड्रोम म्हणतात, या दोन डॉक्टरांनी १९२८ साली वर्णन केलं म्हणून. दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा एलईएमडी३ या जीनमधला बिघाड असतो. आई किंवा वडील एकाकडून आला तरी पुरतो, म्हणजे मुलात उतरायची शक्यता निम्मी, आणि एकाच घरात कुणाला फक्त ठिपके, कुणाला फक्त उंचवटे असंही होतं. ते उंचवटेही निरुपद्रवीच.

दुसरी जोडी म्हणजे मेलोरिऑस्टोसिस. मेणबत्तीवरून मेण ओघळावं तसं हाडावर हाड चढतं, हे क्वचितच सोबत येतं पण आलं तर त्रासदायक, दुखतं, सांधा आखडतो. एखादा हात किंवा पाय सतत दुखत असेल किंवा वाकडा होत असेल तर तेवढं दाखवा.

मुरगळलेला_पाय:
बापरे, बाबांच्या पाठीवर लहानपणापासून तसले उंचवटे आहेत, आम्ही चरबीच्या गाठी समजत होतो. त्यांचा एक्सरे काढावा का?

त्वचापुराण:
त्यांना काही त्रास नसेल तर मुद्दाम नको. पण कधी दुसऱ्या कारणाने काढलाच तर तुमचा रिपोर्ट सोबत न्या म्हणावं, त्या वयात हाडावर ठिपके दिसले की प्रोस्टेटच्या कॅन्सरचीच शंका आधी घेतात.