मदत हवी आहे: वीज जाऊन आली की बीएमसी आयपीएमआय सत्र सुरू करू देत नाही

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे एकाच मॉडेलचे बरेच सर्व्हर आहेत आणि ते सगळे लांब आहेत. मशीन अडकलं तर बीएमसीवरूनच (सर्व्हरमधला वेगळा छोटा कंट्रोलर, त्याच्याशी नेटवर्कवरून आयपीएमआय या प्रोटोकॉलने बोलता येतं) बंद-चालू करायचं, बूट होताना काय चाललंय ते सिरियल कन्सोलवर बघायचं. बीएमसीची सेटिंग्ज फ्री-आयपीएमआय या सॉफ्टवेअरमधल्या आयपीएमआय-कॉन्फिगने करतो: चेकआउट करून बीएमसीतली सेटिंग्ज टेक्स्ट फाइलीत काढायची, एडिटरमध्ये बदलायची, मग कमिट करून परत बीएमसीत घालायची. सध्या ही फाइल मोजक्याच सर्व्हरवर घातली आहे.

अडचण अशी. कमिटनंतर सगळं चालतं. ऑपरेटिंग सिस्टिम कितीही वेळा रीबूट करा, काही बिघडत नाही. पण रॅकची वीज पूर्ण जाऊन परत आली, की बीएमसी पिंगला उत्तर देतो आणि यूडीपी ६२३ पोर्टवर सत्र मात्र सुरू होत नाही. एसएसएचने सर्व्हरमध्ये शिरून तीच फाइल पुन्हा कमिट केली की लगेच चालू! आयपी पत्ता, सबनेट मास्क, गेटवे, युजर सगळं जागच्या जागी असतं.

वीज गेल्यावरच तर बीएमसी लागतो, त्यामुळे दर वेळी कमिट करत बसणं हा उपाय नाही. फाइलीत नेमकं कुठे बघू? आणि हीच फाइल सगळ्या सर्व्हरवर घालायची तर काय सांभाळू?

प्रतिसाद:
रीबूटने काही होत नाही आणि वीज गेली की होतं, हीच मोठी खूण आहे. सर्व्हर बंद असला तरी बीएमसी स्टँडबाय विजेवर चालू राहतो, म्हणून रीबूटचा त्याला पत्ताही लागत नाही. फाइलीतला ‘लॅन चॅनल’ (नेटवर्कवरून बीएमसीकडे यायची वाट) विभाग बघा. त्यात प्रत्येक सेटिंग दोनदा असते, एकदा ‘व्होलटाइल’ आणि एकदा ‘नॉन-व्होलटाइल’. पहिली लगेच लागू होते पण वीज गेली की पुसली जाते. वीज आल्यावर बीएमसी दुसरी उचलतो. दोन्हीकडे ‘ॲक्सेस मोड’ (या वाटेने कधी येऊ द्यायचं ते) काय आहे? आयपीएमआय-टूल या दुसऱ्या कमांडच्या ‘चॅनल इन्फो’मध्येही दोन्ही वेगवेगळे दिसतात. फक्त लॅनच्या चॅनलचा क्रमांक बरोबर द्या, तो सगळीकडे १ नसतो.

धागाकर्ता:
बघितलं. व्होलटाइल ‘ऑलवेज अव्हेलेबल’ आहे, नॉन-व्होलटाइल ‘डिसेबल्ड’. चेकआउटमध्ये ते तसंच आलं होतं.

प्रतिसाद:
मग तेच. नॉन-व्होलटाइलही ‘ऑलवेज अव्हेलेबल’ करा, आणि तिथेच ‘प्रिव्हिलेज लिमिट’ची (या वाटेने जास्तीत जास्त किती अधिकार मिळतात त्याची) जोडीही जुळते का बघा.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल: चेकआउटच्या फाइलीत ‘लॅन कॉन्फ’ विभागात आयपी पत्त्याबरोबर मॅक पत्ताही (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) येतो. ती फाइल जशीच्या तशी सगळीकडे कमिट करू नका, एकच पत्ता सगळ्यांना लागला तर एकही बीएमसी धड सापडणार नाही. फाइलीत सगळ्या ओळी असाव्याच लागतात असं नाही, ज्या नाहीत त्यांना कमिट हात लावत नाही. मी तर बदलायच्या तेवढ्याच ओळी ठेवतो. पत्ता द्यायचाच असेल तर ‘की-पेअर’ पर्यायाने कमांडमध्येच प्रत्येक सर्व्हरचा वेगळा द्या. चेकआउटमध्ये पासवर्ड येत नाहीत, तेही लक्षात ठेवा.

दुसरा प्रतिसाद:
एक भर. लॅनची सेटिंग्ज बदलताना कमिट सर्व्हरच्या आतूनच करा. नेटवर्कवरून केलंत तर ज्या वाटेने आलात तीच मध्ये तुटू शकते. आणि कमिटआधी ‘डिफ’ चालवा, फाइल आणि बीएमसी यांत कुठे फरक आहे ते ओळीनिशी कळतं.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. एका सर्व्हरवर नॉन-व्होलटाइल बदलून कमिट केलं, तिथल्या माणसाला दोन्ही पॉवर केबल काढून परत लावायला सांगितल्या. बीएमसी वर आल्याबरोबर सत्र सुरू झालं, कन्सोलवर बूटही दिसलं. आता लॅन चॅनलपुरतीच छोटी फाइल केली आहे. प्रत्येक सर्व्हरवर आधी डिफ, मग कमिट.