मदत हवी आहे: लिस्टिंग बंद केलं, ईपीआर सर्टिफिकेट मागतायत, तीनच दिवस आहेत

रानवारा७
मंडळी प्लीज लवकर सांगा. ऑनलाइन विकतो, काल दुपारी अचानक लिस्टिंग बंद, ईपीआर (विकलेल्या मालाच्या कचऱ्याची उत्पादकावरची जबाबदारी) सर्टिफिकेट अपलोड करा म्हणे, तीन दिवस दिलेत. जीएसटी आहे, उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे, सगळं आहे. घरात ३४० पीस पडलेत आणि ऐन सीझन चाललाय, सपोर्टवाले तीच दोन वाक्यं परत परत ऐकवतात. हे कुठून काढायचं?

कट्ट्यावरचा
अहो विकता काय ते तर सांगा! त्यावरच सगळं आहे.

निशिगंध
पॅकिंगच्या प्लास्टिकचं असणार. मी लोणची-पापड विकते, मलाही मागितलं होतं. प्लास्टिकच्या नियमांत सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या ब्रँडला सूट आहे, उद्यमचा कागद टाकला, झालं काम. तुम्हीही तेच टाका.

रानवारा७
टेबलफॅन आहेत, यूएसबीवर चार्ज होणारे. ताई, उद्यम टाकलं होतं, रिजेक्ट केलं.

सोल्डरगन
चार्जिंगचे म्हणजे आत बॅटरी आली. मागचे स्क्रू काढून बघा, बहुतेक १८६५० नंबरचा चार्जिंगचा सेल असेल, प्लास्टिकच्या वेष्टनातला, बोटाएवढा. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, ते सूक्ष्म उद्योगांना लागत नाहीत हे खरं, पण बॅटरीचे नियम वेगळे, ऑगस्ट २०२२ चे, आणि त्यात तशी सूट नाहीये. माल इम्पोर्ट कोण करतं?

जुना_व्यापारी
ई-कचऱ्याच्या सूटवरही विसंबू नका. २०२१ ला रिटेल-होलसेलवाल्यांना उद्यममध्ये घेतलं ते फक्त बँकेच्या प्रायॉरिटी सेक्टर (प्राधान्याने द्यायच्या) कर्जापुरतं.

निशिगंध
असं कसं, सर्टिफिकेटवर सूक्ष्म लिहिलंय म्हणजे सूक्ष्मच ना?

जुना_व्यापारी
तुम्ही स्वतः बनवता ताई, हे नुसते विकतात. फरक आहे.

राइनकाठ
इकडे जर्मनीत तर पहिल्या खोक्यापासून नोंदणी लागते, उलाढाल कितीही कमी असो. ल्युसिड म्हणून रजिस्टर आहे, जुलै २०२२ पासून तो नंबर नसेल तर प्लॅटफॉर्म विकूच देत नाही. मी दिवाळीला थोड्या पणत्या विकते, त्या खोक्यांसाठीसुद्धा केलीय.

हिरवी_वाट
मी तर म्हणते बबल रॅप सोडून कागदी पॅकिंग करा, कटकटच मिटेल. आमच्याकडे दोन वर्षं तेच आहे, एकही वस्तू फुटली नाही.

सोल्डरगन
पॅकिंगचा विषयच नाहीये, आतल्या सेलचा आहे.

मीनल_क
घरी जुन्या मोबाइलच्या बॅटऱ्या साठल्यात, फुगलेल्या, त्या कुठे द्यायच्या?

कट्ट्यावरचा
नवीन धागा काढा हो, पण फुगलेल्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, पेट घेतात.

रानवारा७
इम्पोर्ट मी करत नाही. मुंबईच्या होलसेलरकडून पक्क्या बिलावर घेतो, तो चीनवरून मागवतो. मग माझा काय संबंध?

सोल्डरगन
मग इम्पोर्टर म्हणून जबाबदारी त्याची, त्याचं सर्टिफिकेट मागा. खोक्यावर ब्रँड कोणाचा आहे?

रानवारा७
माझाच. ट्रेडमार्क घेतलाय, तो माझ्या नावाचा स्टिकर लावूनच देतो.

सोल्डरगन
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. दुसऱ्याने बनवलेला माल स्वतःच्या ब्रँडखाली विकणारा हा दोन्ही नियमांत उत्पादकच धरतात. म्हणजे बॅटरीसाठी तुम्हाला स्वतःच्या नावाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागेल. बॅटरीचं पोर्टल वेगळं आहे, ई-कचऱ्याचं वेगळं, चुकीच्या ठिकाणी फॉर्म भरू नका. आणि घाबरू नका, जुने फॅन गोळा करत घरोघरी फिरायचं नसतं, नोंदणी असलेल्या रिसायकलरकडून ईपीआर सर्टिफिकेट (हे वेगळं, नोंदणीचं नव्हे) विकत घेऊन रिसायकलिंगचं वर्षाचं टार्गेट पुरं करता येतं.

फास्ट_लायसन्स
सगळी ईपीआर कामं ३ दिवसांत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

जुना_व्यापारी
यांच्या नादी लागू नका. अर्ज स्वतः भरता येतो. मी एकाला आगाऊ पैसे दिले होते, त्याने दुसऱ्याच कंपनीच्या सर्टिफिकेटवर माझं नाव चिकटवून पीडीएफ पाठवलं, अकाउंट कायमचं गेलं.

रानवारा७
तीन दिवसांत तर हे होणार नाही मग. तोवर माझा स्टिकर काढून होलसेलरच्या ब्रँडने विकले तर?

सोल्डरगन
त्याची बॅटरीची नोंदणी असेल आणि खोकं, लेबल, लिस्टिंग सगळं त्याच्या ब्रँडचं असेल तर बोलता येईल. खोक्यावर आणि सेलवर काट मारलेल्या कचराकुंडीचं चिन्ह आहे का तेही बघा. आधी मुदतवाढीचा मेल टाका, सोबत अर्जाची पोच जोडा.

रानवारा७
आत्ता एक खोलून बघितला. सेल निळा आहे, चिन्ह कुठेच नाही, खोक्यावर इम्पोर्टरचं नावसुद्धा नाही, नुसतं माझं. होलसेलरला फोन केला तर म्हणतो आजवर कोणी मागितलं नाही. अर्ज आज रात्रीच भरायला बसतोय, कोणी बॅटरीवाल्या पोर्टलवर भरला असेल तर कुठली कागदपत्रं हाताशी ठेवू ते सांगा.