होडीतून सूर्योदयी लाव्हाचे छायाचित्रण

प्रश्न (दर्यावर्दी): हवाईतील किलाउएआ ज्वालामुखीचा लाव्हा समुद्रात पडताना होडीतून टिपायचा आहे. हलत्या होडीत तिवईचा उपयोग होतो का?

कोळंबकर: तिवई घरीच ठेवावी, कारण इंजिनाची थरथर तिच्यातून थेट कॅमेऱ्यात उतरते. २०१७ साली कामोकुना येथे (जिथे तेव्हा हा लाव्हा समुद्रात पडत होता) मी गुडघे किंचित वाकवून, शटर १/५०० सेकंद आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) ३२०० ठेवून छायाचित्रे घेतली. खरी वेळ सूर्योदयापूर्वीची वीसेक मिनिटे असते. तेव्हा आकाशाची निळाई आणि लाव्हाची लाली तुल्यबळ असतात, आणि पुढे ऊन चढले की वाफेचा पांढरा पडदाच तेवढा उजळतो. प्रकाशमापन लाव्हावरच करावे, अन्यथा तांबड्या रंगाचा पिवळट डाग होतो. (माझी पहिली चाळीस छायाचित्रे अशीच वाया गेली.)

निळाई: त्या वाफेत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि काचेचे सूक्ष्म कण असतात, म्हणून होडी वाऱ्याच्या वरच्या अंगालाच असावी. १६ जुलै २०१८ रोजी स्फोटातून उडालेला तप्त दगड एका पर्यटक होडीचे छप्पर फोडून आत पडला आणि २३ जण जखमी झाले.

कोळंबकर: शिवाय तिकीट काढण्यापूर्वी लाव्हा समुद्रापर्यंत पोहोचतो आहे का, हे पाहावे. डिसेंबर २०२४ पासूनचे उद्रेक शिखरावरील हालेमाउमाउ विवरात झाले आहेत, आणि तिथे होडी काय कामाची?