पियानोवरच्या या तुकड्याची सम नेमकी कुठे आहे?

आईची_पेटी:
लेक सध्या देब्युसी या फ्रेंच संगीतकाराचं 'क्लेअर द ल्यून' बसवतेय, म्हणजे गेले दोन महिने घरात सकाळ-संध्याकाळ तेच. मी लहानपणी पेटी शिकले, दोन परीक्षा दिल्या, पाश्चात्य संगीतातलं मला शून्य कळतं. पण हे ऐकताना सवयीने बोटांवर मात्रा मोजायला जाते आणि दरवेळी फसते, सम सापडतच नाही हो. तिच्या मॅडम म्हणाल्या, हे इंप्रेशनिस्ट म्युझिक, धूसरच असतं, मोनेची चित्रं बघा. बघितली. चित्रं सुंदर आहेत पण सम काही मिळाली नाही. कुणी जरा इस्कटून सांगेल का?

काळी_पाच:
तुमची चूक नाही, पहिल्या मात्रेवर त्याने सूरच ठेवलेला नाही. ताल नऊचा, तीन-तीनचे तीन गट, पण सुरुवातीलाच विराम, मग सूर मात्रेच्या मधूनच उचललाय आणि पुढे लांबवलाय, आणि तुम्ही जरा सावरताय तोवर तीनच्या जागी दोन-दोन स्वर घुसवलेत. लेकीला नोटेशन दाखवायला सांगा.

आता पेटी काढा. पांढरी १, २, ३ आणि काळी ३, ४, ५, एवढ्याच पट्ट्या वाजवा. सा रे ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नि. पंचम नाही, शुद्ध मध्यम नाही, आणि सगळीकडे अंतर सारखंच, त्यामुळे यातल्या कुठल्याही सुराला सा म्हणा, काही फरक पडत नाही. कानाला घरच सापडत नाही. याला होल टोन स्केल म्हणतात. देब्युसीच्या १९१० च्या प्रिल्यूड्समध्ये (पियानोचे छोटे तुकडे) 'व्वाल' म्हणून एक तुकडा आहे (अर्थ शिडं किंवा पडदे, दोन्ही), तो जवळजवळ अख्खा या सहा पट्ट्यांवर आहे, खाली खर्जात काळी पाच टोले देत राहते, आणि मधे थोडाच वेळ फक्त पाच काळ्या पट्ट्या, म्हणजे आपल्या भूपाचेच सूर. माझ्या आयडीचं कारण कळलं असेल.

शंकेखोर:
+१, पण घोळ नको, क्लेअर द ल्यूनमध्ये ते होल टोन प्रकरण नाही. ते डी फ्लॅट मेजर या स्केलमधलं सुरेल काम आहे, ज्या संचात ते आहे तो १८९० च्या सुमारास सुरू केलेला आणि १९०५ मध्ये छापलेला.

आणि 'धूसर' म्हटलं की माझं डोकं फिरतं. हा शब्द देब्युसीला चिकटला तोच मुळात टोमणा म्हणून, १८८७ मध्ये पॅरिसच्या अकादमीने त्याच्या कामावर 'अस्पष्ट इंप्रेशनिझम'पासून जपून राहा अशा अर्थाचा शेरा मारला होता. १९०८ मध्ये तो स्वतः प्रकाशकाला लिहितो की मी काहीतरी वेगळं करू बघतोय, मूर्ख लोक त्याला इंप्रेशनिझम म्हणतात. वेगळं काय, तर आधीच्या लोकांकडे एक कॉर्ड (एकदम वाजवलेले तीन-चार सूर) ताण निर्माण करायची आणि पुढची तो सोडवायची. देब्युसी ताण सोडवतच नाही, त्याच्या शेजारी तसाच दुसरा आणून ठेवतो, कारण त्याला त्या कॉर्डचा रंग आवडलाय, बस. त्याचं 'बुडालेलं कॅथेड्रल' ऐका. अख्ख्या कॉर्ड्स एकसाथ वर-खाली सरकतात, हार्मनीच्या क्लासात असं केलं तर वहीवर लाल रेघा पडतात.

नवखा_कान:
राव्हेल या दुसऱ्या फ्रेंच संगीतकाराचा बोलेरो पण या इंप्रेशनिझममध्येच येतो ना?

शंकेखोर:
माझ्या मते नाही. बोलेरोत (१९२८) स्नेअर ड्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ठेका धरून बसलाय, तिथे ताईंना सम शोधावी लागणार नाही, सम डोक्यात हाणतात. राव्हेलचं 'पाण्याचे खेळ' ऐक, १९०१ चं.

वेरूळचा_वाटाड्या:
थोडं अवांतर. आल्बेर रुसेल नावाचा फ्रेंच संगीतकार, आधी नौदलात अधिकारी होता, १९०९ मध्ये बायकोबरोबर भारतात फिरला. परत जाऊन ऑर्केस्ट्रासाठी 'एव्होकासियों' लिहिलं, त्याचा पहिला भाग म्हणजे 'गुहांच्या सावलीतले देव', आणि त्या गुहा आपल्या वेरूळच्या! दुसरा भाग जयपूर, तिसरा बनारसचा घाट. पुढे तो या शैलीपासून बराच लांब गेला, पण हे काम देब्युसीच्या छायेतलंच आहे. मी इतकी वर्षं पाहुण्यांना कैलास लेणं दाखवतोय, मलाच हे गेल्या वर्षी कळलं, आता प्रत्येकाला ऐकवतो, पाहुणे कंटाळले तरी.

आईची_पेटी:
सगळ्यांचे आभार. पेटी काढली, भाता गळतोय तरी वाजली. त्या सहा पट्ट्या वर-खाली फिरवल्या तर सासूबाई आतून म्हणाल्या, पेटी बिघडली का गं? काळी पाच दाबून ठेवली तेव्हा जरा बरं वाटलं. लेकीने नोटेशन दाखवलं, खरंच पहिल्या खान्यात आधी विराम आहे. आता ती सुरू करायच्या आधी मी मनात एक मोजते. तरी दुसऱ्या ओळीपर्यंत हरवतेच.